शिकाऱ्याचा माग आणि उपग्रहाचा निर्देशांक : वर्धा जिल्ह्यातील वनस्थाननिश्चितीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अरण्यात आपण नेमके कोठे आहोत याचे भान ही शिकारीची पहिली अट होय. अमेरिका व युरोपातील शिकाऱ्यांना हे भान गेल्या तीन दशकांत हातात मावणाऱ्या जी.पी.एस. यंत्राने दिले. मचाणाची जागा, पाणवठा, वाहन उभे केल्याचे ठिकाण यंत्रात नोंदवावे आणि अंधारात त्याच नोंदींच्या आधारे परतावे, अशी तेथील रीत झाली. वर्धा जिल्ह्यात मात्र हे यंत्र पोहोचले तेव्हा शिकार कायद्याने बंद झालेली होती. त्यामुळे ते शिकाऱ्याच्या नव्हे, तर वनरक्षकाच्या हाती आले. या स्थित्यंतराचा अर्थ तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यंत्रापूर्वीचे ज्ञान :
विदर्भातील फासेपारधी समाजाची उपजीविका दीर्घकाळ शिकारीवर चालली. पावलांचे ठसे, मोडलेले गवत, पक्ष्यांचे इशारे आणि पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटा हाच त्यांचा नकाशा होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांची शिकारही माग काढणाऱ्या आणि हाका घालणाऱ्या स्थानिकांवरच अवलंबून असे. परंतु ज्यांच्या ज्ञानावर ही शिकार चाले, त्यांच्याच वाट्याला संशय आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या धोरणात पारध्यांसह अनेक भटक्या समाजांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही.

मोजणीची परंपरा :
स्थाननिश्चितीच्या दुसऱ्या परंपरेशीही जिल्ह्याचा निकटचा संबंध आहे. १८०२ साली मद्रास येथे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणाऱ्या विल्यम लॅम्टन यांचे २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे निधन झाले. ते हैदराबादहून नागपूरकडे निघाले होते. त्यांचे थडगे हिंगणघाट येथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे कार्य चालविले आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोलाभावर भारतीय नकाशे आधारले गेले.

जी.पी.एस. प्रणालीचा आधार मात्र डब्ल्यू.जी.एस.-८४ हा वेगळा गोलाभ आहे. म्हणून यंत्राने दाखविलेला निर्देशांक रूपांतर न करता जुन्या स्थलदर्शक नकाशावर उतरविल्यास वर्ध्याच्या परिसरात शंभर मीटरपेक्षा अधिक फरक पडतो. नाल्याच्या अलीकडचे ठिकाण पलीकडे जाण्यास एवढे अंतर पुरेसे आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यू.जी.एस.-८४ स्वीकारला.

बंदुकीकडून गस्तीकडे :
१९७० साली बोर अभयारण्य घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचे युग कायद्यापुरते संपविले. जी.पी.एस.चा पहिला उपग्रह १९७८ साली अवकाशात गेला. हातात धरण्याजोगे पहिले व्यावसायिक यंत्र १९८९ साली बाजारात आले. नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि सुमारे शंभर मीटरची अचूकता दहा-वीस मीटरपर्यंत आली.

२००५ साली सरिस्का अभयारण्यातील वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाले. पावलांच्या ठशांवरून होणाऱ्या गणनेवरील विश्वास ढळला. त्यानंतरच्या देशव्यापी गणनेत जी.पी.एस. नोंदी व स्वयंचलित कॅमेरे आले. २०१० पासून व्याघ्र प्रकल्पांतील गस्तही उपग्रहाच्या साहाय्याने नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा २०१४ साली मिळाला.

तथापि निर्देशांक स्वतः कोणाचाही पक्ष घेत नाही. २०१३ साली पन्ना येथील एका वाघाच्या गळपट्ट्यावरील जी.पी.एस. माहिती अनधिकृतपणे मिळविण्याचा प्रयत्न झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. रक्षणासाठी नोंदविलेले स्थान शिकाऱ्यालाही वाट दाखवू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
वर्धा जिल्ह्यात जी.पी.एस. शिकारीचे साधन न होता नियंत्रणाचे साधन झाले, यामागे तंत्रज्ञानापेक्षा कायद्याचा इतिहास आहे. मात्र या प्रक्रियेत माग काढणाऱ्याचे ज्ञान अप्रमाण ठरण्याचा धोका आहे. वनरक्षकाच्या यंत्रात बिंदू उमटतो. तो ठसा कोणाचा, किती वेळापूर्वीचा आणि प्राणी कोणत्या दिशेने गेला, हे वाचणारा डोळा यंत्रात नाही. या संदर्भात वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांची भूमिका मार्गदर्शक आहे. त्यांनुसार उपग्रहप्रतिमा व तत्सम तंत्रज्ञान हा पूरक पुरावा असून इतर पुराव्यांचा पर्याय नव्हे, आणि गावातील वडीलधाऱ्यांच्या लेखी जबाबालाही पुराव्याचे स्थान आहे. हेच तत्त्व वन्यजीव संरक्षणात स्वीकारले गेले, तर ज्यांच्या पूर्वजांना शिकारीचे जाणकार म्हणून वापरले आणि गुन्हेगार म्हणून नोंदविले, त्यांना अरण्याचे जाणकार म्हणून पुन्हा प्रवेश मिळू शकेल.