शोधनिबंधाआधी विणलेला पडदा

‘विज्ञानातून कलेला प्रेरणा मिळाली’ हे वाक्य तुम्ही ढीगभर लेखांत वाचलं असेल. संशोधनाकडे वळणार असाल तर असं वाक्य दिसलं की जरा थांबा आणि विचारा: पहिलं पत्र कुणी कुणाला लिहिलं? उत्तर बहुतेक वेळा रंजक निघतं.

उदाहरण घेऊ ब्रिटनमधलं. हेलन मेगॉ ही डब्लिनमध्ये जन्मलेली स्फटिकशास्त्रज्ञ. क्ष-किरणांनी खनिजांची अणुरचना शोधणं हे तिचं काम. १९३७ साली डोरोथी क्रोफुटचं (म्हणजे पुढच्या नोबेलविजेत्या डोरोथी हॉजकिनचं) लग्न झालं, तेव्हा मेगॉने तिला एक उशी भेट दिली. उशीवरचं भरतकाम होतं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या रचनेचं, आणि ती रचना स्वतः मेगॉनेच अभ्यासलेली! पुढे १९४६ मध्ये तिने डिझाइन रिसर्च युनिटच्या मार्कस ब्रमवेल यांना पत्र लिहून सुचवलं की, वॉलपेपर आणि कापडाच्या डिझायनरांनी आमच्या आकृत्या एकदा बघाव्यात. म्हणजे इथे विज्ञान कोपऱ्यात प्रेरणा देत गप्प बसलं नव्हतं. त्याने स्वतः जाऊन दार वाजवलं होतं.

दार लगेच उघडलं नाही. १९४९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी डिझायनरांसमोर स्फटिकांवर व्याख्यान दिलं. ते ऐकायला कौन्सिल ऑफ इंडस्ट्रियल डिझाइनचे मार्क हार्टलंड थॉमस होते. १९५१ चा ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ जवळ आलेला, नवं काहीतरी हवंच होतं. त्यातून ‘फेस्टिव्हल पॅटर्न ग्रुप’ उभा राहिला: २८ उत्पादक आणि वैज्ञानिक सल्लागार म्हणून मेगॉ. कापड, वॉलपेपर, चिनी मातीची भांडी, सगळ्यांवर स्फटिक. लंडनच्या साउथ बँकवरचं रेगाटा रेस्टॉरंट तर याच नक्ष्यांनी सजवलं होतं.

पण स्फटिकच का? फुलं-पानं काय वाईट होती? छापकाम करणाऱ्या कारागिराचा ठसा आठवा. एकच ठसा शेजारी शेजारी, न चुकता, कापडभर उमटत जातो. त्याच्या कडा जुळल्या नाहीत तर सगळं फसतं. स्फटिकात हेच काम युनिट सेल करतो. फुलाचं चित्र काढलं तर ते ‘रिपीट’मध्ये कसं बसवायचं ही डोकेदुखी डिझायनरची. स्फटिकाच्या आकृतीत मात्र रिपीट आधीच असतो, सममितीसकट. मला वाटतं, ही भागीदारी जमली ती यामुळे. दोघांनाही आपापल्या कामात एकच प्रश्न सोडवायचा होता.

आता एका कापडाकडे जवळून बघू. ‘सरे’ नावाचं हे पडद्याचं कापड मेरियन स्ट्रॉब या स्विस वंशाच्या विणकर-डिझायनरने वॉर्नर अँड सन्ससाठी केलं. मूळ आकृती अफविलाइटची. हे कॅल्शियम, सिलिकॉन आणि पाणी असलेलं खनिज मेगॉचा खास विषय. स्ट्रॉबला आकृती नुसती छापायची नव्हती, जॅकार्डवर विणायची होती. विणकामात गोल रेष खरी गोल नसते. ताण्या-बाण्याच्या बारीक पायऱ्यांनी ती भासवावी लागते. शिवाय रंग कुठे, किती, हे निर्णय तिचेच. रचना मेगॉची, कापड स्ट्रॉबचं. आणि गंमत बघा: पडदा १९५१ मध्ये रेगाटात टांगला गेला, अफविलाइटच्या रचनेवरचा मेगॉचा शोधनिबंध आला १९५२ मध्ये. गाइडला हे सांगून बघा!

इन्सुलिन आणि हिमोग्लोबिनच्या नक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. त्या डोंगराच्या नकाशासारख्या दिसतात, उंचीच्या वळणदार रेषांच्या. बघणाऱ्याला वाटतं, हाच तो रेणू. तसं नाही. ते पॅटरसन नकाशे आहेत. त्यात अणूंच्या जागा दिसत नाहीत. अणूंच्या जोड्यांमधली अंतरं आणि दिशा तेवढ्या दिसतात. १९५१ मध्ये या दोन्ही प्रथिनांची रचना कुणालाच माहीत नव्हती. म्हणजे लोक भिंतीवर लावत होते ते उत्तर नव्हतं, अर्धवट सुटलेलं गणित होतं. जुन्या संशोधनातली आकृती हाती आली की ती कशाची, हे विचारण्याआधी ती कोणत्या टप्प्यावरची, हे विचारा. विज्ञानाच्या इतिहासावरच्या बऱ्याच लोकप्रिय लेखांत नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

सप्टेंबर १९५१ मध्ये फेस्टिव्हल संपला. साउथ बँकवरच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या, रेगाटाही गेलं. कापडांचे नमुने संग्रहालयांत उरले आणि २००८ मध्ये लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये त्यांचं प्रदर्शनही झालं. हिमोग्लोबिनची ढोबळ रचना मॅक्स पेरुट्झ यांच्या हाती लागली ती फेस्टिव्हलनंतर आठ-नऊ वर्षांनी. इन्सुलिनला आणखी वेळ लागला. उशी भेट मिळालेल्या त्याच डोरोथी हॉजकिनने आपल्या सहकाऱ्यांसह ती रचना सोडवली, १९६९ मध्ये.