मेंढीची ग्रंथी आणि खालाची थंडी

डिसेंबरात मांजरीला मुळा-मुठेच्या काठावर पहाटे धुके उतरते. माझी खाला त्या दिवसांत स्वेटरवर शाल गुंडाळून बसायची. फजरची नमाज झाली की पुन्हा पांघरुणात. घरचे म्हणत, कामचुकार झालीय. एका डॉक्टरांनी तर "मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवले. पुढे रक्त तपासले, थायरॉइड कमी निघाला, गोळी सुरू झाली. तरी दर हिवाळ्यात तिचे एकच पालुपद, "गोळी तीच आहे रे, पण थंडीत पुरत नाही." कुणी मनावर घेतले नाही. मीही नाही.

असल्या तक्रारी करणाऱ्या बायका वैद्यकाच्या इतिहासात सुरुवातीपासून आहेत. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी सुजलेला चेहरा, संथ बोलणे, जडावलेले अंग असलेल्या प्रौढ बायकांचा आजार मांडला. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडिमा हे नाव दिले. थंडी अजिबात न सोसणे हे त्याचे ठळक लक्षण. १८८८ मध्ये लंडनच्याच क्लिनिकल सोसायटीच्या समितीने गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीकडे बोट दाखवले.

इलाज मिळाला तो मेंढीकडून. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती बरी झाली आणि पुढे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधाला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. वर्षभरातच कळले की सुईची गरज नाही, ग्रंथी हलकी तळून खाल्ली तरी चालते! बकरी ईदला आपल्या घरात इतक्या वर्षांत किती गळे साफ झाले असतील, श्वासनळीला चिकटलेल्या त्या गाठीकडे मी कधी पाहिलेसुद्धा नव्हते.

मग पाळी आली डुकराची. अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळात ग्रंथीतला मूळ पदार्थ, म्हणजे थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळा काढला. पुढे त्यातले ३३ ग्रॅम मिळवायला डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथी लागल्या. आपल्यासारख्यांपुढे पेच उभा राहिला असता, आणि वाळवलेल्या डुक्कर-ग्रंथीच्या गोळ्या परदेशात आजही मिळतात. पण १९२७ पर्यंत चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवून दाखवले. खालाच्या गोळीतले हार्मोन त्याच वाटेचे, जनावराशिवाय तयार झालेले. जनावरापासून औषध ही गोष्ट मांजरी-हडपसरला नवी नाही म्हणा. १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी काढलेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवात घोड्यांच्या सीरमपासूनच झाली.

राहिला हिवाळा. १९६० च्या दशकात टीएसएच रक्तात मोजता येऊ लागले. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉइडला हुकूम. हार्मोन कमी पडले की हुकूम वाढतो. अनेक देशांत मोजले तेव्हा निरोगी माणसांतही थंडीत तो वाढलेला दिसला. अंटार्क्टिकात मुक्काम करणाऱ्यांच्या शरीरात टी-थ्री हे हार्मोन जास्त वेगाने खर्च होत असल्याचे १९९० च्या सुमारास आढळले. मला सर्वात मोलाचा वाटतो तो २०१७ चा सिसिलीचा अभ्यास. तिथला हिवाळा सौम्यच. शस्त्रक्रियेने थायरॉइड काढलेले, रोज ठरलेली गोळी घेणारे रुग्ण त्यात होते. थंडीच्या महिन्यांत त्यांचे हार्मोन थोडे उतरलेले आणि टीएसएच चढलेले निघाले. निरोगी ग्रंथी मागणी वाढली की पुरवठा वाढवते. गोळीला ते जमत नाही. खाला हेच तर सांगत होती.

फरक बहुतेकांत लहान असतो, आणि थंडीतल्या थकव्यामागे रक्त कमी असणे, ड जीवनसत्त्व कमी असणे हीही कारणे असतात. म्हणून मनानेच दीड गोळी घेणे धोक्याचे, हृदयाची धडधड वाढते.

गेल्या जानेवारीत खालाचा नवा रिपोर्ट मी जुलैच्या रिपोर्टशेजारी ठेवला आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. या वेळचे डॉक्टर वेगळे होते. त्यांनी आधी तारखा पाहिल्या, मग आकडे, आणि खालाला विचारले, "थंडीत कसं वाटतं, ते तुम्हीच सांगा."