खणणे, खोदणे, उकरणे

अंबरनाथच्या शिवमंदिरात देव वर नाही, खाली आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते, तेव्हा कारागिरांना बांधण्याआधी चांगलेच खणावे लागले असणार. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. तो मात्र 'खणलेला' आहे असे कुणी म्हणणार नाही. तो कोरलेला किंवा खोदलेला. विहीर, पाया, खड्डा खणायचा आणि अक्षरे खोदायची, हा भेद मराठी कानाला ठाऊक आहे. अलीकडे तो पुसट होऊ लागला आहे.

'खणणे'चे मूळ संस्कृत 'खन्'. धातुपाठ त्याचा अर्थ 'अवदारण', म्हणजे फाडणे, असा देतो. दोन स्वरांमधल्या 'न'चा मराठीत 'ण' होतो. 'पानीय'चे पाणी झाले, तशीच 'खनि'ची खाण. हिंदीत ती 'खान'च राहिली. ऋग्वेदात खणून काढलेल्या पाण्याला 'खनित्रिमा' आणि आपोआप उगवलेल्या पाण्याला 'स्वयंजा' अशी वेगळी विशेषणे आहेत. गणपतीचा 'आखु'सुद्धा परंपरागत व्युत्पत्तीनुसार खणणाराच. गडाभोवतीचा 'खंदक' मूळचा इराणी. अरबीत जाऊन फार्सीवाटे आपल्याकडे आला. पण फार्सी 'कंदन' म्हणजे खणणे, आणि तो धातू आपल्या 'खन्'चा चुलतभाऊ. परका म्हणून ज्याच्याकडे पाहावे तो असा भाऊबंद निघतो! 'उकरणे'ची वाट वेगळी. ते संस्कृत 'उत्+कॄ'पासून आले. पंडित ज्याला 'उत्कीर्ण' लेख म्हणतात ते विशेषणही त्याच धातूचे. म्हणजे कोंबडी उकिरडा उकरते ते क्रियापद आणि राजाचा लेख एकाच घरातले.

पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ साली हे नाव मिळाले. सिंधीत खणण्याला 'खोटणु' म्हणतात आणि मोहेंजोदडोच्या उत्खननाला 'खोटाई'. आता उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत गटार असो की केबल, पाटी एकच: 'खोदकाम चालू आहे'. शब्द चुकीचा नाही, जमिनीलाही 'खोदणे' मराठीत पूर्वीपासून चालते. पण त्याचा आजचा जोर हिंदी 'खुदाई'च्या शेजारामुळे आहे, असे माझे मत आहे. 'खणकाम' असे लिहिलेली पाटी मी पाहिलेली नाही. मात्र दुसऱ्यासाठी खड्डा तयार करणारा माणूस अजूनही तो खणतोच, आणि भांडणात जुन्या गोष्टी उकरूनच काढल्या जातात.