उमेदवारीचा खर्च कोणी सोसायचा?

‘उमेदवार’ म्हटले की आज मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे निवडणूक उभी राहते. शब्दाचा जुना अर्थ मात्र कचेरीतला आहे. पुढेमागे जागा रिकामी होईल या उमेदीवर बिनपगारी कागद लिहीत बसणारा तरुण, तो उमेदवार. काम शिकण्याच्या त्या वर्षांचा खर्च घरचे लोक सोसत. ज्यांची तेवढी ऐपत नव्हती, किंवा ज्यांच्या जातीला कचेरीचा उंबराच बंद होता, त्यांच्या वाट्याला उमेदवारीही नव्हती.

नोएडात, जिथे सेक्टर २४ मध्ये व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आहे, श्रमविषयक चर्चांना तोटा नाही. ‘उद्योगांना हवे ते कौशल्य आमच्या तरुणांपाशी नाही’ हे वाक्य मी अशा चर्चांतून इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यामागचा दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही याचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे. ते कौशल्य शिकवायचे कोणी आणि कोणाच्या खर्चाने? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातली अडचण ठाऊक असते. एका मालकाने मुलगा तयार करावा आणि शेजारच्या मालकाने चार पैसे जास्त देऊन तो उचलावा, असे होणार असेल तर पहिला मालक शिकवीलच कशाला? गॅरी बेकर यांनी १९६४ साली ही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आपल्या कारखानदारांना ती त्याआधीच उमगली होती.

हिंदुस्थानात या अडचणीतून पहिली मोठी वाट निघाली ती युद्धामुळे. १९४० साली दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि सैन्याला कुशल हातांची निकड भासली, तेव्हा सरकारने तंत्रज्ञ-प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळे. १९४१ पासून ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेखाली काही तरुण थेट इंग्लंडच्या कारखान्यांत धाडले गेले. एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी: शिकवणारे सरकार आणि शिकलेल्यांना कामावर घेणारे सरकार एकच होते. त्यामुळे अभ्यासक्रम आणि गरज यांत अंतर पडण्याचे कारण नव्हते.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांच्या तांत्रिक शिक्षणाचा प्रश्न आहे. परदेशी शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. मला हे निवेदन फार महत्त्वाचे वाटते. नवी शाळा काढा, एवढ्यावर ते थांबत नाही. जिथे काम चालते तिथला दरवाजा उघडा, असे म्हणते. कौशल्याचा प्रश्न हा प्रवेशाचाही प्रश्न आहे, हे त्यात स्वच्छ दिसते.

युद्ध संपले. १९४५ साली स्थापन झालेल्या पुनर्वसन व रोजगार महासंचालनालयाने आधी सैन्यातून परतलेल्यांना आणि फाळणीनंतर निर्वासितांना शिकवले. १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या ‘आयटीआय’, सुरू झाल्या. शिवराव समितीच्या शिफारशीनुसार १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. अभ्यासक्रम आणि मानके केंद्राची, इमारत आणि शिक्षक राज्याचे. प्रशासकीय दृष्ट्या वाटणी नीटस होती. तिच्यात मालकाला मात्र खुर्चीच नव्हती.

ती खुर्ची मांडण्याचा प्रयत्न म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. ठरावीक प्रमाणात उमेदवार घेणे मालकांवर बंधनकारक झाले. न घेतल्यास कैदेचीही तरतूद होती. अंमलबजावणी तपासनिसाच्या हाती गेली, आणि ज्या कामाला उस्तादाची आस्था लागते ते विवरणपत्रे भरण्याचे काम होऊन बसले. जर्मनीतही कारखाना आणि शाळा यांची जोडी कायद्यात आहे (१९६९). पण तिथे परीक्षा उद्योग-व्यापाराची मंडळे घेतात. उमेदवार कच्चा निघाला तर नामुष्की त्यांचीही असते.

नोएडा स्वतः १७ एप्रिल १९७६ चे, आणीबाणीतले अपत्य. पुढल्याच वर्षी स्वीडन व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या साहाय्याने स्त्रियांच्या व्यवसाय प्रशिक्षणाचा केंद्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यातली राष्ट्रीय पातळीवरची संस्था आज सेक्टर १ मध्ये आहे; तिच्या भावंड संस्था मुंबईत आणि बंगळुरात. शिवणकाम आणि भरतकाम शिकवले म्हणून तिला नावे ठेवणारे भेटतात. तयार कपड्यांचे निर्यात कारखाने ज्या शहरात आहेत, तिथे हा आक्षेप मला पोकळ वाटतो.

२०१४ च्या दुरुस्तीने कैद गेली, दंड राहिला. २०१५ मध्ये हा सारा विषय श्रम मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे आला. २०१६ पासून विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र उचलू लागले. २०१९ च्या नियमांनी तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे लागू केले. खर्चाची वाटणी अशी हळूहळू ठरते आहे. कलम १८ मात्र १९६१ पासून जागच्या जागी आहे: उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे.