विटांच्या मातीतले पान

राजवटी, लढाया, तह आणि वंशावळी यांच्या आधाराने इतिहास मोजण्याची सवय आम्हां जुन्या घराण्यांतील मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या जडलेली आहे. दप्तरात कागद असेल तर इतिहास, नसेल तर दंतकथा, असा आमचा साधा हिशेब. परंतु मानवाच्या वाटचालीला ज्यांनी वळण दिले, अशा काही घटनांचा कागद कोणत्याच दप्तरात नाही. त्यांपैकी एकीची साक्ष दिली ती एका रानफुलाच्या पानाने.

डेन्मार्कमधील अलेरॉड येथे एका वीटभट्टीसाठी माती खणली जात असे. तेथील थरांचे वर्णन हार्ट्झ आणि मिल्थर्स या दोन संशोधकांनी १९०१ साली प्रसिद्ध केले. तळाशी चिकणमाती व तीत ड्रायसची पाने. मध्ये बर्च वृक्षाचे अवशेष असलेला काळसर थर. आणि त्यावर पुन्हा चिकणमाती, पुन्हा ड्रायस. ड्रायस हे गुलाबाच्या कुळातील, आठ पाकळ्यांचे पांढरे फूल. ध्रुवाजवळच्या उघड्या माळावर आणि उंच पर्वतांवर ते फुलते. थरांचा अर्थ उघड होता. हिमयुगाची थंडी सरली, झाडे आली आणि मग थंडी परत फिरली. या परतलेल्या थंडीला शास्त्रज्ञ ‘यंगर ड्रायस’, म्हणजे ‘धाकटा ड्रायस’ म्हणतात. तिचा काळ आजपासून सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा.

ही उलथापालथ किती वेगाने झाली, हे कळण्यास मात्र १९९०चे दशक उजाडावे लागले. ग्रीनलंडच्या हिमस्तरात तीन किलोमीटरांहून खोल छिद्र पाडून बर्फाचे दंडगोल बाहेर काढण्यात आले. त्यांतील वार्षिक थर वृक्षाच्या खोडातील वलयांप्रमाणे मोजता येतात. या शीतकाळाच्या अखेरीस तेथील तापमान काही दशकांतच सुमारे दहा अंशांनी चढले आणि हिमवृष्टीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. हा दुसरा बदल तर बहुधा एक ते तीन वर्षांतला. हवामान पालटते ते सहस्रकांच्या संथ गतीने, ही समजूत येथे मोडीत निघाली.

कारणाविषयी सर्वाधिक मान्यता मिळाली ती वॉलेस ब्रोकर यांनी पुढे मांडलेल्या विचाराला. उत्तर अटलांटिकचे खारे पाणी थंड होऊन जड होते, तळाशी जाते. त्याची जागा घेण्यास दक्षिणेकडून उबदार पाणी येते. उत्तर अमेरिकेतील वितळत्या हिमस्तराच्या कडेला अगासी नावाचे विशाल सरोवर साचले होते. त्याचे गोडे पाणी समुद्रात लोटले, वरचा थर हलका झाला, बुडेनासा झाला आणि उष्णतेचा तो पुरवठा मंदावला. पाणी कोणत्या वाटेने गेले, पूर्वेकडे सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातून की उत्तरेकडे मॅकेंझी नदीतून, याविषयी वाद आहे. धूमकेतूच्या आघाताची २००७ साली मांडलेली उपपत्तीही बहुतेकांना पटलेली नाही.

आम्हांला अधिक अंतर्मुख करतो तो माणसांचा भाग. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत नातुफी लोक दगडी पायाची गोल घरे बांधून, रानातले धान्य विळ्याने कापून स्थिरावले होते. थंडीच्या व कोरडेपणाच्या काळात त्यांच्यापैकी अनेकांना स्थिर वस्ती सोडून पुन्हा फिरते जीवन पत्करावे लागले. युफ्रेटिसकाठच्या अबू हुरेयरा येथील जळक्या बियांवरून गॉर्डन हिलमन यांनी असा निष्कर्ष काढला, की रानातले अन्न आटू लागल्यावर तेथील लोकांनी ‘राय’ हे धान्य स्वतः पेरण्यास आरंभ केला. हा निष्कर्ष सर्वमान्य नाही. आणि ते स्थळ १९७०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले. मात्र शीतकाळ संपताच त्या प्रदेशात शेती रुजली, याविषयी दुमत नाही.

आमच्या भूमीलाही याची झळ पोहोचली होती. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ आणि मेघालयातील मावम्लुह गुहेतील चुनखडीचे स्तंभ हेच सांगतात, की त्या शतकांत मोसमी पाऊस क्षीण झाला होता. दूरच्या समुद्रातील पाणी गोडे झाले आणि येथला पावसाळा रोडावला!

आज अगासीसारखे सरोवर उरलेले नाही. परंतु ग्रीनलंडचा बर्फ वितळत आहे, आणि अटलांटिकमधील ते अभिसरण या शतकात मंदावण्याची दाट शक्यता आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०२१च्या अहवालात वर्तवली आहे. आमचे पूर्वज मुलूख सोडून परप्रांती स्थिरावले, ते तेथे पाऊस नेमाने पडेल या भरवशावरच. तो भरवसा सनदेत लिहिलेला नव्हता, म्हणून आम्ही त्याची कधी नोंद घेतली नाही. ती घ्यावयास हवी.