सूर्यतेज आणि कारखान्याचा जमाखर्च

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला आणि पाहता पाहता या नगरीत धुराडी उभी राहिली. कापूस आपल्या भूमीचा. परंतु बाष्पयंत्रांना लागणारा दगडी कोळसा मात्र प्रामुख्याने इंग्लंडहून जहाजाने येई. साहजिकच इंधनाचा खर्च गिरणीमालकांना जाचत असे.

या अडचणीवर मुंबई उच्च न्यायालयातील डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७८ साली एक उपाय मांडला. फ्रान्समधील मूशो यांचे सौरयंत्र धातूच्या मोठ्या परावर्तकावर चालत असे. तो महाग पडे व लवकर काळवंडे. अ‍ॅडम्स यांनी त्याऐवजी १७ इंच लांब व १० इंच रुंद असे साधे सपाट आरसे एका चौकटीत बसविले. अर्धवर्तुळाकार मार्गावरून ती चौकट दिवसातून तीन-चार वेळा सरकविली की सूर्याची किरणे स्थिर बाष्पकावर एकवटत. आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी अडीच अश्वशक्तीचे बाष्पयंत्र पंधरा दिवस केवळ उन्हावर चालविले. प्रात्यक्षिकास प्रमुख गिरणीमालकही निमंत्रित होते. सौरशक्ती कोळशाशी थेट स्पर्धा करू शकणार नाही, मात्र पूरक साधन म्हणून उपयोगी पडेल, असा अभिप्राय स्थानिक अभियंत्यांनी दिला.

प्रयोग तेथेच थांबला. ऊन फुकट असले तरी यंत्राचे भांडवल फुकट नव्हते. शिवाय रात्र व पावसाळा यांवर इलाज नव्हता. पुढे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली आणि कोळशाचा भार हलका झाला.

सूर्याच्या उष्णतेकडे उद्योग पुन्हा वळले ते इंधन महागल्यावर. लातूर येथील महानंद डेअरीत २००६ च्या सुमारास ‘अरुण’ नावाची भव्य सौरतबकडी बसली. तिच्या उष्णतेवर दुधाचे पाश्चरीकरण होऊन भट्टीच्या तेलाची बचत होऊ लागली.

सौरविजेच्या बाबतीत खरा पालट दरांनी घडविला. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्या वर्षीच्या निविदांत सर्वांत कमी बोली प्रतियुनिट १० रुपये ९५ पैसे होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली. महाराष्ट्रात २०१५ च्या नेट मीटरिंग विनियमांमुळे छतावरील शिल्लक वीज वीजमंडळाच्या तारांत सोडून बिलात वळती करून घेण्याची सोय झाली. आयकरातील ८० टक्के घसाऱ्याचा लाभ १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला, तरीही कारखानदारांचा ओढा टिकून राहिला. कारण तोवर हिशेब सवलतीवाचूनही जमू लागला होता.

१८७८ मधील अभियंत्यांचा अभिप्राय आजही मार्गदर्शक आहे. सूर्य हा पूरक सोबती होय. दिवसा चालणाऱ्या यंत्रांचा भार किती, छत किती मोकळे व किती भक्कम, कर्जाचे व्याज किती आणि रात्रपाळीची वीज कोठून, हे चार आकडे प्रथम वहीत मांडावेत. विवेकाने केलेला असा हिशेब धंद्यालाही हितकर आणि पुढील पिढीलाही उपकारक ठरतो.