नाशिक जिल्हा : स्थलनामे व बोली

उत्तर महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यातील गावांची नावे व तेथील बोली. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथे कापले म्हणून नाशिक, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. नऊ शिखरांवरून ‘नवशिख’ अशीही एक सांगतात. दोन्ही कथा नावाला मागाहून जोडलेल्या दिसतात. नाव मात्र प्राचीन खरे. पतंजलीच्या महाभाष्यात ‘नासिक्य’ नगर येते, तर पांडवलेण्यांतील अठराव्या लेण्यात, धंभिक गावाच्या दानलेखात, ‘नासिककन’ (नाशिककरांचे) असे प्राकृत रूप कोरलेले आहे. त्या काळी कारभाराचे ठाणे होते गोवर्धन. गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा तिसऱ्या लेण्यात आहे, ती तेथील अमात्याच्या नावे. आज गोवर्धन हे गंगापूरजवळचे खेडे. मोगल अमदानीत नाशिकचे गुलशनाबाद झाले, पण मराठ्यांच्या अमलात जुनेच नाव पुन्हा रूढ झाले. गोदावरी मात्र नाशिककरांच्या तोंडी आजही ‘गंगा’च, घाटावर जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’.

झाडांवरून पडलेली नावे पुष्कळ. पंचवटी पाच वडांची. पिंपळगावे इतकी, की ओळखीसाठी जोडनाव लागते : पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब. सौंदाण्यांचेही तेच. मालेगावकडचे नुसते सौंदाणे, बागलाणातले डांगसौंदाणे. ‘डांग’ म्हणजे रानाचा डोंगराळ मुलूख. बागलाण हे नाव तेथील बागूल राजघराण्यावरून आले, असे मानतात.

बोलीची सीमा कळायला तालुक्यांपेक्षा डोंगर उपयोगी पडतात. सप्तशृंग–चांदवडची सातमाळा रांग गोदावरी व गिरणा यांची खोरी वेगळी करते. दक्षिणेस निफाड–सिन्नरकडे देशावरची मराठी. उत्तरेस बागलाण, देवळा, कळवण, मालेगावात अहिराणी. तेथे ‘माझा-तुझा’चे ‘मना-तुना’ होते, ‘मला’चे ‘माले’, मुलगी ‘आंडेर’ आणि ‘काय करतोस?’ऐवजी ‘काय करी ऱ्हायना?’. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात खानदेशीची, म्हणजे अहिराणीची, नोंद भिल्ल भाषांसोबत केली. शब्दसाठ्यावरून तिला अशुद्ध मराठी म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिचे प्रत्यय आणि क्रियापदांची घडण स्वतंत्र आहे.

पश्चिमेस पेठ–सुरगाण्यात गुजरातच्या सरहद्दीपर्यंत कोकणा बोली चालते. या भागात वस्ती विखुरलेली, म्हणून नावांच्या शेवटी ‘पाडा’ वारंवार येतो.